जोडलेलं गाव

सोमवारी अकरा वाजता आमच्या ऑफिसात कामाचं कोणी काही बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. त्या वेळी सर फोनवर असत. समोर शाळकरी वही, वहीत गावांची नावं, प्रत्येक नावापुढे तिथल्या पंचायत सचिवाचा नंबर. एकेक नंबर लावायचे आणि पलीकडून आवाज आला की विचारायचे, "चल रहा है?" उत्तर मिळालं की नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब. मग पुढचं गाव.

हे त्यांचं काम नव्हतं. त्या गावांच्या फाइली केव्हाच बंद झाल्या होत्या. मी नवीन असताना एकदा म्हटलंही, "सर, दाखला देऊन झाला ना? मग आता कशाला हे?"

"मुलगी दिली की विचारपूस बंद करतात का गं?" ते म्हणाले. "उलट खरी काळजी तिथूनच सुरू होते."

त्यांना स्वतःला दोन मुलगेच होते. मुलीच्या बापाची हौस ते अशी गावांवर भागवून घेत.

आमचं ऑफिस शिंदे की छावनीत, एका बॅटरीच्या दुकानाच्या वर. खेड्यांपर्यंत इंटरनेट न्यायला सरकारी निधी मिळतो. ठेकेदाराने केबल टाकायची, पंचायत भवनात पेटी बसवायची, तिथून लाइन गावात न्यायची आणि त्याला पैसे मिळायचे हप्त्याहप्त्याने. शेवटचा हप्ता मात्र लाइन खरोखर चालते असा दाखला मिळाल्यावरच. तो दाखला द्यायचा तिसऱ्याने, म्हणजे आम्ही. आमच्या कंपनीचे मालक भोपाळला बसत. ग्वाल्हेरच्या ऑफिसात सही चालायची ती सरांची. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वर्षावर्षाच्या करारावर नेमलेले. मी त्यांच्या हाताखाली, पहिलीच नोकरी, ती पण कच्ची. एक एप्रिलला पक्की होणार होती.

इतका काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ऑफिसचं कुलूप लावून झालं की ते जिना उतरत, अर्ध्यावरून परत चढत, कुलूप ओढून बघत, आणि खाली आल्यावर मला विचारत, "लावलं ना मी?" सकाळी सातला माझा फोन वाजला की दाणा ओळीतल्या आमच्या घरात सगळ्यांना कळायचं कोणाचा ते.

"काल त्या पेटीवर दुसरा दिवा कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवा होता, सर."

"पक्का हिरवा? की हिरवट?"

आई म्हणायची, हे असले साहेब बघून मलाच छातीत धडधडायला लागतं. माझंही तसंच झालं होतं. काळजी हा रोग साथीचा असतो. सहा महिन्यांत मी सुद्धा घरचा गॅस दोनदा बघायला लागले होते.

गावाला जायचं तर ते कोसभर आधीच गाडीतून उतरत आणि केबलच्या चराशेजारून चालत येत, हातातल्या काठीने माती टोचत. "कागद टेबलावर वाचायचा, केबल पायांनी," असं म्हणायचे. गावात पोचले की चहाला हात लावत नसत. आमच्या त्या भागात पाहुण्याने चहा नाकारला म्हणजे यजमानाचं तोंडच उतरतं. सरपंच आग्रह करून थकत. सर म्हणत, "पहले लाइन, फिर चाय." हे आजूबाजूला इतकं पसरलं की सरांनी कप उचलला म्हणजे हप्ता सुटला, असा हिशेबच लोकांनी बसवला होता. ठेकेदार एका कोपऱ्यात उभा राहून कपाकडे बघत बसायचा.

आणखी एक नियम. वेग मोजायचं सरकारी यंत्र आम्ही लॅपटॉपवर चालवायचो, पण सरांचा त्यावर विश्वास नव्हता. गावातल्या कोणीतरी स्वतःच्या हाताने, स्वतःचं काम त्या लाइनवर करून दाखवायचं. ते झालं की सही. एका गावात यंत्राने झकास वेग दाखवला, पण एक मुलगी तिचा बारावीचा निकाल उघडायला बसली तर पडद्यावरचं चाक नुसतं फिरतच राहिलं. सर दोन तास तिच्या शेजारी बसून राहिले. शेवटी ठेकेदार तडकला. "साहब, मशीन तो पास कर रही है!"

"मशीन को रिझल्ट नहीं देखना है. लडकी को देखना है."

ठेकेदाराचा आवाज चढला. सर माझ्याकडे वळून शांतपणे मराठीत म्हणाले, "माणूस लबाड आहे, पण घाबरलेला पण आहे. घाबरलेल्याशी भांडू नये." राग आला की ते मराठीत शिरायचे, समोरच्याला कळू नये म्हणून.

"क्या बोले साहब?" ठेकेदाराने मला विचारलं.

"कह रहे हैं, आप धूप में बहुत परेशान हुए," मी म्हटलं. सर खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते. त्या गावची सही महिन्याभराने झाली, लाइन दुरुस्त झाल्यावर.

हे सगळं मी स्वतः पाहिलेलं होतं. तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी जे केलं ते केलं.

काकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एक गाव राहिलं होतं. त्याचा दाखला गेला नाही तर त्या वर्षाचा पैसा परत जाणार. सरांनी मला एकटीला पाठवलं. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून त्यांनी मला पाऊण तास सूचना दिल्या. शेवटी म्हणाले, "गावाच्या हाताने चालवून घे. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल."

गावाचं नाव लिहीत नाही. पंचायत भवन उंचावर, डांबरी रस्त्याला लागून. गाव खाली, नाल्याच्या कडेला, आणि नाल्यापलीकडे तीन मजरे, म्हणजे त्याच पंचायतीच्या तीन वाड्या. भवनात सचिव एकटाच. पेटीवर हिरवा दिवा. मी लॅपटॉप उघडला, चाचणी लावली, वेग उत्तम आला. फोटो काढले. गावातून कोणाला बोलवायचं तर खाली उतरायला हवं होतं. ऊन मी म्हणत होतं. गाडीवाला घाई करत होता, त्याच्या घरी काहीतरी कार्यक्रम होता. सचिवाने चहा आणला. मी प्यायले.

परत आल्यावर सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "कोणी चालवलं?"

"सचिवांनी," मी म्हटलं. "त्यांनी त्यांचं काहीतरी पोर्टल उघडलं. चालत होतं."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. सरांनी माझ्याकडे बघितलं, "पक्का ना?" म्हणाले, आणि सही केली. ती बुधवारची गोष्ट.

गुरुवारी ऑफिसात लॅपटॉप उघडला तर तो आपोआप माझ्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला गेला. त्या दिवशी गावाला जाताना गाडीत एक मेल पाठवायचा म्हणून मी मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं होतं आणि ते बंद करायचं विसरले होते. चाचणीचा कागद काढला. वर बारीक अक्षरात नेटवर्कचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं, 'चिंगी.' चिंगी म्हणजे आमची मांजर. मोबाइलला मी तिचं नाव दिलं होतं. मी त्या गावाचं इंटरनेट मोजलंच नव्हतं. रस्त्याकडेच्या टॉवरवरून येणारी माझ्याच मोबाइलची रेंज मोजून आले होते, आणि सरकारच्या फाइलीत आमच्या मांजरीचं नाव घालून पाठवलं होतं.

हसू यावं अशीच गोष्ट आहे. मला मात्र शनिवार आठवला. हप्ता शनिवारी सुटणार होता. तो चुकीचा गेला एवढंच असतं तरी मी कदाचित मनाची समजूत घातली असती. पण एकदा हप्ता सुटला की ते गाव 'जोडलेलं' या यादीत जातं, आणि जोडलेल्या गावाला त्या निधीतून परत एक पैसाही मिळत नाही. कागदावर तिथे इंटरनेट पोचलेलं असतं. कायमचं.

गुरुवारी सांगितलं असतं तर सरांनी एका फोनवर हप्ता थांबवला असता. शुक्रवारीही थांबला असता. पण माझं पक्कं होण्याचं पत्र भोपाळहून यायचं होतं. शुक्रवारी तीनदा मी सरांच्या टेबलापर्यंत गेले आणि तीनदा भलतंच काहीतरी विचारून परत आले. एकदा तर विचारलं, काकूंचा डोळा कसा आहे. ते खूश होऊन सांगत बसले. शनिवारी दिवसभर मी फोन उलटा ठेवून घरी पडून होते. आईला वाटलं ऊन लागलं, ती कैरीचं पन्हं घेऊन सारखी येत राहिली. संध्याकाळी ठेकेदाराचा मला मेसेज आला, हात जोडलेलं चित्र आणि खाली 'धन्यवाद मॅडम.'

सोमवारी दहा वाजता माझं पत्र आलं. अकरा वाजता सरांनी वही उघडली. शेवटच्या ओळीत नवीन नाव लिहिलेलं होतं. त्यांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, मुद्दाम, मला ऐकू यावं म्हणून.

"चल रहा है?"

"हओ साहब," सचिव म्हणाला, "एकदम बढिया चल रओ है."

सरांनी टिंब दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी पहिली मुलगी. सुखात आहे हो!"

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं, रडत, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत. सरांनी चष्मा लावला, चाचणीचा कागद डोळ्यांजवळ धरून ते नाव वाचलं. "ही कोण?"

"मांजर... माझ्या मोबाइलचं नाव आहे ते."

"कधी कळलं तुला?"

मी काहीही सांगू शकले असते. आत्ताच कळलं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. "गुरुवारी," मी म्हटलं.

"गुरुवार," ते म्हणाले. "शुक्रवार. शनिवार." नंतर त्यांची नजर वहीकडे गेली. चाळीसेक गावं, आणि प्रत्येकापुढे टिंबांच्या रांगा. ज्या सचिवाने आत्ता बढिया म्हटलं तसेच सगळे. "मग हे बाकीचे पण...?" असं काहीतरी ते बोलले, पण मला उद्देशून नाही. मला एवढी लाज दुसऱ्या कशाची वाटली नाही. माझी चूक मी कबूल केली होती, पण त्यांची चाळीस गावं मी त्यांच्या डोळ्यांदेखत हिसकावून घेतली होती. सोमवारचे फोन त्या दिवशी बंद झाले. पुढे कळलं की त्या गावांना ते रविवारी बसने जाऊन येतात, एकेक करून, स्वखर्चाने.

दुपारी आम्ही दोघं त्या गावी गेलो. पेटीचा दिवा नुसता विजेचा होता. रस्ता रुंद करताना पुलाखाली केबल तुटलेली, तिचं टोक सरांच्या काठीला लागलं. भवनाच्या बाहेर, रस्त्यालगत, दहाबारा म्हातारी माणसं भर उन्हात बसलेली. त्यांच्यासमोर एक चाळिशीची बाई अंगठ्याचं यंत्र घेऊन बसली होती. ती मजऱ्यातलीच, बँकेच्या वतीने पेन्शन वाटायची. खाली यंत्राला रेंज मिळत नाही, म्हणून सगळ्यांना वर चढून यावं लागायचं. एका आजोबांना खाटेवर घालून आणलं होतं.

"ऑफिसवाले बोले थे मार्च में नीचे लग जाएगा," ती बाई सरांना म्हणाली. "लग गओ का साहब?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

परत येताना गाडीत त्यांनी पत्र तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं. आमचा दाखला चुकीचा आहे, तो रद्द करावा. मला वाटलं, ते सगळं स्वतःवर घेतील. जुन्या माणसांना तशी सवय असते. म्हणजे, खरं सांगायचं तर, मला तशी आशा होती. सर म्हणाले, "तुझी चूक तू लिही, खाली तुझी सही. माझी चूक वेगळी आहे, ती मी लिहीन. मी न जाता सही केली." कागदावर दोन परिच्छेद झाले आणि दोन सह्या.

भोपाळहून मालकांचा फोन आला तो खालच्या बॅटरीवाल्यालाही ऐकू गेला असेल. लोक दुसऱ्याची तक्रार करतात, तुम्ही स्वतःचीच करता? सरकारी कचेरीत बाबूंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि कळवळून म्हणाले, "साहब, गाँव जुड गया तो जुड गया. वापस निकालने का कॉलम ही नहीं है." सर तिथे दर आठवड्याला जात. बाबू त्यांना खुर्ची देत, पाणी देत, कॉलम मात्र देऊ शकत नव्हते.

जूनमध्ये सरांचा करार संपला. मालकांनी तो वाढवला नाही, वय झालं म्हणाले. माझं पक्कं होण्याचं पत्र निघालेलं होतं, म्हणून मी राहिले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नंतर एका रविवारी सर दाणा ओळीत आमच्या दारात उभे. आईने आत या म्हटलं, ते आले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्या गावच्या तीन मजऱ्यांची नावं होती, घरांच्या संख्येसह, हाताने काढलेल्या नकाशासह. निधीचा नवा टप्पा निघाला होता, फक्त मजऱ्यांसाठी. गाव जोडलेलं होतं, पण मजरे कुठल्याच यादीत कधी नव्हते. "गावाला दारातून येऊ देत नाहीत ना," ते म्हणाले, "मग मागच्या अंगणातून आणू. अर्ज तुझ्या ऑफिसातून जाऊ दे. मी आता कोणी नाही."

मी अर्ज पाठवला. तो दोनदा परत आला, दोनदा पुन्हा पाठवला. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता 'चिंगी' बाहेर येणार. ती कधीच आली नाही. त्या फाइली कोणी वाचत नाही, हे मला आता माहीत आहे, आणि त्याने काळजी कमी होत नाही, वाढते.

गेल्या थंडीत नाल्यापलीकडच्या मजऱ्यात लाइन पोचली. चाचणीला मीच गेले. मोबाइल मुद्दाम गाडीत बंद करून ठेवला. त्याच बाईच्या ओसरीत पेटी बसवली होती. तिने यंत्र लावलं, शेजारच्या आजीला हाताला धरून आणलं, अंगठा ठेवला. क्षणभर थांबून यंत्राने पावती काढली. आजी उठल्या, पैसे कनवटीला लावले आणि चार पावलांत घरी गेल्या. मी त्यांच्यामागे आणखी सहा जणांचे अंगठे होऊ दिले. मग बाईच्या फोनवरून, त्याच लाइनवर, सरांना फोन लावला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते घरीच असत. अनोळखी नंबर बघून त्यांनी "कौन?" विचारलं.

"सर, मी आहे. मजऱ्यातून बोलतेय. चालू झालं. सात पेन्शनी झाल्या, सर, घरात बसून!"

त्यांनी खोलीतल्या टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू आत्ता खाली आहेस, की वर रस्त्यावर?"

"खाली आहे सर, अगदी ओसरीत. खरंच."

"असशील गं," ते म्हणाले. आवाजात राग बिलकूल नव्हता. राग असता तर मी सुटले असते. "पण तुझ्या आवाजावरून मला कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. फोन त्या बाईंना दे."

मी फोन बाईला दिला आणि ओसरीच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. ती त्यांच्याशी बराच वेळ बोलली, कोणाची पेन्शन आली, कोणाची अडकली, आजोबा आता नाहीत, सगळं. मधूनच हसली. मग तिने फोन माझ्या हातात परत दिला. तो बंद झालेला होता.